आईचा एमआरआय आणि भावाचं इंजेक्शन

पत्र :

डॉक्टर, नमस्कार. माझी आई ७१ वर्षांची, निवृत्त प्राथमिक शिक्षिका. सातारला एकटी राहते. मी पुण्यात असते, शनिवार-रविवार तिच्याकडे जाते. बाबा गेल्या वर्षी गेले. दोन महिन्यांपासून तिचं डोकं दुखतं, सकाळी अंथरुणातून उठताना गरगरतं, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय करून घेतला. रिपोर्टमध्ये लिहिलंय : ‘एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी. क्रॉनिक स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस, फझेकास ग्रेड वन. सजेस्ट क्लिनिकल कोरिलेशन.’ डॉक्टर म्हणाले, वयानुसार आहे, काळजी नको, आणि रात्री घ्यायला एक गोळी दिली. मी रिपोर्टचा फोटो अमेरिकेतल्या भावाला पाठवला. त्याने तो मोबाइलवरच्या एआयला दाखवला आणि तेव्हापासून त्याचं एकच पालुपद : मेंदू आकसतोय, रक्तपुरवठा कमी झालाय, ही डिमेन्शियाची, म्हणजे स्मृतिभ्रंशाची, सुरुवात आहे. मुंबईला नेऊन पेट स्कॅन कर, अल्झायमरवर नवं इंजेक्शन आलंय, खर्च मी करतो. कुठल्याशा सेंटरचं ‘ब्रेन मॅपिंग’चं पॅकेजही त्याने पाठवलंय.

आई नावं विसरते, चष्मा शोधत बसते. बाकी पेन्शन, बँक, भजनी मंडळाची वर्गणी सगळं तीच बघते. टीव्ही मात्र इतक्या मोठ्याने लावते की शेजारचे बोलतात. बीपीची गोळी कित्येक वर्षं चालू आहे, पण ‘आज बरं वाटतंय’ म्हणून मधूनच बंद करते. रिपोर्टचं मी तिला काहीच सांगितलेलं नाही. परवा दूध उतू गेलं तर मला रडूच आलं. तिचा गॅस बंद करून डबा लावू का? पुण्याला घेऊन येऊ का? आणि भावाला काय सांगू?

– एक मुलगी, पुणे


ताई,

आधी सरळ उत्तर देते. तुम्ही जे लिहिलंय त्यावरून आईला डिमेन्शिया झालाय असं म्हणायला काही आधार नाही. गॅस बंद करू नका, डबा लावू नका, आणि पेट स्कॅनची वेळ घेतली असेल तर रद्द करा. मात्र पत्रात ओझरत्या आलेल्या चार गोष्टी मला रिपोर्टपेक्षा महत्त्वाच्या वाटल्या : मधेच सोडलेली बीपीची गोळी, टीव्हीचा आवाज, सकाळी उठतानाचं गरगरणं आणि रात्रीची ती बिननावाची गोळी. त्यांच्याकडे येतेच. पण मानगुटीवरचं हे रिपोर्टचं भूत उतरल्याशिवाय तुमचं लक्ष तिकडे लागायचं नाही, म्हणून आधी ते.

रिपोर्ट लिहिणाऱ्या रेडिओलॉजिस्टने तुमच्या आईशी बहुधा दोन वाक्यंही बोललेली नसतील. त्याच्यापुढे असतं वय, ‘हेडेक, गिडीनेस’ एवढी तक्रार, आणि पडद्यावर काळ्या-पांढऱ्या प्रतिमांची चळत. दिसेल ते सगळं नोंदवणं हे त्याचं काम. एखादी गोष्ट सोडली आणि पुढे काही निघालं तर जाब त्यालाच विचारला जाणार. म्हणून शेवटी ती ‘क्लिनिकल कोरिलेशन’ची ओळ येते. ती तुम्हाला उद्देशून नाही, भावाला तर नाहीच नाही. आईला समोर बसवून तपासणाऱ्या डॉक्टरांना दिलेली ती चिठ्ठी आहे : मला चित्रात हे दिसलं, माणसाशी जुळतंय का ते तुम्ही बघा. एआयपुढे चित्र नव्हतं आणि माणूसही नव्हतं. होता तो फक्त त्या चिठ्ठीचा फोटो.

‘अ‍ॅट्रॉफी’ म्हणजे आकसणं, हे खरंच. पण साठीनंतर अगदी ठणठणीत माणसाच्या मेंदूचं आकारमानही वर्षाला साधारण अर्धा टक्का घटत जातं. त्या शब्दाच्या आधी ‘एज रिलेटेड’ लिहिलेलं आहे आणि नेमकं तेवढंच तुमच्या भावाने गाळलं. स्मृतीशी संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बाकीच्या मेंदूच्या मानाने जास्त आकसलेला दिसला तर आम्ही डॉक्टर कान टवकारतो. तसं दिसलं असतं तर रेडिओलॉजिस्ट शक्यतो वेगळी ओळ लिहितो.

‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ हे वाचून तर कोणाचीही गाळण उडावी. मेंदूच्या खोल भागात केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या असतात. वय आणि रक्तदाब यांनी त्या कडक होत जातात आणि आसपासच्या पांढऱ्या भागात एमआरआयवर ठिपके दिसू लागतात. ते ठिपके मोजायची पट्टी ऑस्ट्रियाचे न्यूरॉलॉजिस्ट फ्रान्झ फझेकास यांनी १९८७ मध्ये मांडली : ० म्हणजे काही नाही, १ म्हणजे सुटे ठिपके, २ म्हणजे ठिपके एकमेकांना जोडले जाऊ लागलेत, ३ म्हणजे मोठे सलग पट्टे. तुमच्या आईचा ग्रेड १ आहे. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ६० ते ९० वयाच्या १,०७७ लोकांचे एमआरआय काढले होते. त्यांत असा एकही डाग नसलेले जेमतेम ५ टक्के निघाले. म्हणजे ७१व्या वर्षी कोरा करकरीत मेंदू हीच बातमी ठरली असती.

ग्रेड ३ ची गोष्ट वेगळी. युरोपातल्या ‘लाडिस’ नावाच्या अभ्यासात ६३९ वृद्धांवर काही वर्षं लक्ष ठेवलं गेलं. डाग फार पसरलेल्यांना रोजच्या कामांत दुसऱ्यावर अवलंबून राहायची वेळ येण्याचा किंवा मृत्यूचा धोका, डाग किरकोळ असलेल्यांच्या दुपटीहून जास्त दिसला. तेव्हा डागांना काही अर्थच नसतो असं मी म्हणत नाही. ग्रेड १ ला तो अर्थ चिकटवू नका, इतकंच.

त्याच रॉटरडॅममधला २००७ सालचा आणखी एक अभ्यास मी घाबरलेल्या नातेवाइकांना नेहमी सांगते. सरासरी ६३ वयाच्या २,००० सर्वसामान्य लोकांचे मेंदू पाहिले. ७.२ टक्क्यांच्या मेंदूत कधीतरी होऊन गेलेल्या आणि त्यांना पत्ताही न लागलेल्या छोट्या स्ट्रोकच्या खुणा होत्या, १.८ टक्क्यांच्या रक्तवाहिनीला फुगा होता, १.६ टक्क्यांना साधी, कर्करोग नसलेली गाठ होती. सगळे आपापल्या घरी सुखाने जगत होते. आपल्याकडे हल्ली ‘फुल बॉडी’ तपासणीत मेंदूचा एमआरआयसुद्धा घालतात. लक्षण नसताना स्कॅन करायचा आणि मग स्कॅनमुळे माणूस आजारी पडायचा, हा धंदा मला पसंत नाही.

चित्र आणि माणूस यांच्यात किती अंतर असू शकतं ते पाहायचं तर अमेरिकेतला ‘नन स्टडी’ पाहा. डेव्हिड स्नोडन या संशोधकाने ६७८ वृद्ध जोगिणींचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. दरवर्षी त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या व्हायच्या आणि मृत्यूनंतर मेंदूची तपासणी. त्यांतल्या सिस्टर मेरी १०१ वर्षं जगल्या आणि अखेरपर्यंत चाचण्यांत चांगले गुण मिळवत होत्या. मेंदू उघडला तेव्हा त्यात अल्झायमरच्या गाठी आणि गुंते भरपूर सापडले. आयुष्यभराचं शिक्षण, वाचन, काम, माणसांतलं राहणं यांनी मेंदूला पुरचुंडी बांधून दिलेली असते, तीवर माणूस बराच काळ निभावून नेतो असं आता मानतात. तुमच्या आईने आयुष्यभर वर्ग सांभाळले आणि आज मंडळाचा हिशेब सांभाळतात. त्यांची पुरचुंडी लहान नसावी. याची उलट बाजूही सांगायला हवी : एमआरआय स्वच्छ आला म्हणून डिमेन्शिया नाही, असंही ठरत नाही. घराचा नकाशा बघून घरात आज भांडण आहे की लग्न, ते कळत नाही.

मग कळतं कशावरून? आईच्या वागण्यावरून. नाव जिभेवर येऊन अडकणं आणि तासाभराने आठवणं, चष्मा शोधणं, दूध उतू जाणं (माझं गेल्या आठवड्यातच गेलं, फोनवर होते) हे विसराळूपण वयाबरोबर बहुतेकांना येतं. मी वेगळे प्रश्न विचारते. तीच गोष्ट पंधरा मिनिटांत पुन्हा सांगतात का, आणि आपण आत्ताच सांगितली याचा पत्ताच नसतो का? रोजच्या रस्त्यावर वाट चुकल्या का? वर्षानुवर्षं केलेल्या पुरणपोळीची कृती मधेच तुटते का? हिशेबात पूर्वी कधी न होणाऱ्या चुका व्हायला लागल्या का? भजनाला जायचं टाळतात का? स्वभाव पालटल्यासारखा वाटतो का? यांतल्या एखाद्या प्रश्नाला ‘हो, आणि गेल्या सहा-आठ महिन्यांत वाढलंय’ असं उत्तर असेल तर न्यूरॉलॉजिस्टकडे किंवा वृद्धरोगतज्ज्ञाकडे जरूर जा. ते तासभर बसवून स्मृतीची चाचणी घेतील. ती मराठीतून घ्यायला सांगा. उसन्या भाषेत कोणीही अडखळतं. भारतातल्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीनुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे. आकडा लहान नाही. पण उरलेले ९२-९३ टक्केसुद्धा नावं विसरतात आणि चष्मे शोधतात.

आता त्या चार गोष्टी.

गरगरणं. ‘सकाळी अंथरुणातून उठताना’ हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगी आहे. कूस बदलताना किंवा उठताना खोली गर्रकन फिरते आणि मिनिटाभरात थांबते, असं असेल तर त्याचं एक फार नेहमीचं कारण कानात असतं. आतल्या कानातले चुन्याचे बारीक कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या नळीत जातात. हे कुठल्याही एमआरआयमध्ये दिसत नाही. डॉक्टर पेशंटला टेबलावर विशिष्ट पद्धतीने आडवं करून डोळ्यांची हालचाल बघतात आणि दोन मिनिटांत निदान होतं. उपायही डोकं ठरावीक क्रमाने वळवण्याचा, एपली नावाचा. कित्येकांना एकाच बैठकीत बरं वाटतं. कान-नाक-घशाचे डॉक्टर हे करतात. घरी व्हिडिओ बघून करू नका, मानेचं दुखणं असेल तर नसती आफत.

दुसरी शक्यता अशी की उभं राहिल्यावर बीपी एकदम खाली जातं. हे घरी मोजता येतं. दंडाला पट्टा बांधायचं मशीन घ्या, मनगटाचं नको. आई पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसल्यावर मोजा, मग उभं राहिल्यावर एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. बीपीची गोळी चार दिवस बंद आणि पाचव्या दिवशी पुन्हा चालू, असं केल्यानेही आकडा वरखाली उड्या मारतो.

रात्रीची गोळी. तिचं नाव वाचा. डोकेदुखीला अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, चक्करेला सिनारिझिन, दोन्हींसाठी फ्लुनारिझिन. तरुण माणसाला ही औषधं सहसा पचतात. सत्तरीत पहिल्याने सकाळी झापड, तोंडाला कोरड आणि विसराळूपण वाढू शकतं. दुसरी दोन महिनोन्‌महिने चालू राहिली तर हालचाल मंदावणं, हात थरथरणं, उदास वाटणं असं होऊ शकतं. मग पुढच्या वर्षी तुम्ही मला ‘आई खरंच बदलली’ असं पत्र लिहाल आणि दोष त्या ग्रेड वनला द्याल. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टरांना इतकंच विचारा की ही किती दिवस घ्यायची आणि या वयात याहून सौम्य काही आहे का. झोपेची किंवा सर्दी-खाजेची गोळी आई परस्पर दुकानातून आणतात का, तेही बघा.

बीपी. माझा सगळ्यात जास्त भर यावर आहे, कारण त्या ठिपक्यांच्या बाबतीत आपल्या हातात काही असेल तर ते हेच. अमेरिकेत ९,३६१ लोकांवर ‘स्प्रिंट’ नावाचा प्रयोग झाला. अर्ध्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं होतं, अर्ध्यांचं १२० च्या खाली. मेंदूबद्दलचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. कडक नियंत्रणाच्या गटात स्मृतीची सौम्य घट होण्याचं प्रमाण १९ टक्क्यांनी कमी होतं. पुऱ्या डिमेन्शियातला फरक मात्र ठामपणे बोलण्याइतका भरला नाही, हेही सांगून ठेवते. त्यांतल्या काहींचे एमआरआय चार वर्षांच्या अंतराने दोनदा काढले, तर पांढरे डाग या गटात कमी वाढले होते. मग २०२५ मध्ये चीनच्या खेड्यांतला प्रयोग आला : ३२६ गावं, जवळजवळ ३४,००० माणसं. गावातल्याच साध्या डॉक्टरांनी बीपी १३०/८० च्या आत ठेवायचा नेटाने प्रयत्न केला, आणि चार वर्षांत डिमेन्शियाचं प्रमाण १५ टक्क्यांनी कमी भरलं. महागडं यंत्र नाही, परदेशी इंजेक्शन नाही. स्वस्तातल्या गोळ्या आणि मागे लागणारा डॉक्टर.

याचा अर्थ उद्यापासून आईचं बीपी १२० वर आणा, असा नाही. गरगरणाऱ्या ७१ वर्षांच्या बाईचं बीपी घाईने उतरवलं तर ती पडेल आणि खुबा मोडेल. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ दोन-दोन नोंदी वहीत लिहा, डॉक्टरांना दाखवा, आकडा किती हवा ते त्यांना ठरवू द्या. ‘बरं वाटतंय म्हणून गोळी बंद’ ही सवय मात्र मोडायलाच हवी. बीपीने बरं-वाईट वाटत नसतं, हे शिक्षिकेला एकदा नीट समजावलं की कळेल. वारांच्या कप्प्यांची डबी आणा, रविवारी दोघी मिळून भरा.

टीव्हीचा आवाज. आईला ऐकू कमी येतंय. कमी ऐकू येणाऱ्या माणसाला ‘विसरते’ हा शिक्का फार लवकर बसतो. मुळात ऐकलंच नाही ते आठवणार कुठून? शिवाय ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत कमी ऐकू येणं आहे, बीपी आहे, मधुमेह, वाढलेलं कोलेस्टेरॉल, उपचार न केलेली अधू दृष्टी, नैराश्य, एकटेपणा हेही आहे. ही सगळी सुधारली तर जगातले जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतात असा त्यांचा अंदाज. श्रवणयंत्राने नेमका किती फायदा होतो हे पाहायला ७० ते ८४ वयाच्या ९७७ लोकांवर ‘अचिव्ह’ नावाचा प्रयोग झाला. २०२३ मध्ये निकाल आला : तीन वर्षांनंतर सगळ्यांचा मिळून विचार केला तर फरक नाही. ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. तेव्हा यंत्र लावलं की डिमेन्शिया टळला, असं कोणी दुकानदार सांगेल तर मान डोलावून बाहेर पडा. पण आईला भजनात सम ऐकू येईल, फोनवर नातवंडं काय म्हणतात ते कळेल, हे कारण मला पुरेसं आहे. आधी कान साफ करून घ्या, कधीकधी नुसता मळ निघतो. नंतर ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी.

जाताजाता रक्ताच्या तपासण्या : बी-१२, थायरॉइड, साखर, सोडियम, हिमोग्लोबिन. पूर्ण शाकाहारी घरात बी-१२ ची कमतरता मी इतकी पाहते की विसराळूपणाची तक्रार आली की हात आपोआप तिकडे जातो. आणि ईएसआर, म्हणजे शरीरात कुठे दाह आहे का याचा अंदाज देणारी रक्ताची साधी तपासणी. पन्नाशीनंतर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी, सोबत कानशील दाबलं की दुखणं, चावताना जबडा दुखणं किंवा नजर अंधुक होणं असेल तर एक क्वचित आढळणारा रक्तवाहिनीचा आजार असू शकतो, त्यात उशीर केला तर डोळा जातो. एमआरआयपेक्षा ही तपासणी कितीतरी स्वस्त आहे, आणि राहून जाते.

बाबा गेल्या वर्षी गेले, हे तुम्ही एका वाक्यात लिहून पुढे गेलात. मी तिथे थांबले. जोडीदार गेल्यावर झोप उडते, लक्ष लागत नाही, डोकं जड होतं, माणूस विसरतं. नैराश्य डिमेन्शियाचं सोंग हुबेहूब घेतं आणि औषधाने, बोलण्याने सुधारतंही. आईला कुणी ‘झोप लागते का गं, जेवण जातं का’ असं विचारलंय का?

आता भाऊ. तो वाईट नाही. हजारो किलोमीटरांवरून आईसाठी करता येण्याजोगी एकच गोष्ट त्याला सुचली, पैसे पाठवून काहीतरी मोठं करणं. त्याला या शब्दांत सांगा. तो म्हणतो ती इंजेक्शनं खरी आहेत. लेकानेमॅबला अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनानेमॅबला जुलै २०२४ मध्ये. मेंदूत साठणारं अमायलॉइड नावाचं प्रथिन ती धुऊन काढतात. याआधी अल्झायमरच्या मुळाशी जाणारं जवळजवळ काही नव्हतं, त्यामुळे हा टप्पा मोठा आहे, मी तो कमी लेखत नाही. पण ती कुणासाठी आहेत? स्मृतीची घट चाचणीत सिद्ध झालेली, तीही सुरुवातीच्या टप्प्यातली, आणि अमायलॉइड साठल्याचा पुरावा असलेल्या माणसासाठी. तुमच्या आईकडे यातलं काहीच नाही. लेकानेमॅबच्या १,७९५ जणांवरच्या प्रयोगात १८ महिन्यांनी औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यात १८ गुणांच्या पट्टीवर ०.४५ गुणांचा फरक पडला. घसरण थोडी मंदावली, सुधारणा झाली नाही. दर दोन आठवड्यांनी सलाइन, आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होतोय का ते बघायला पुन्हापुन्हा एमआरआय. औषध घेणाऱ्यांत १२.६ टक्क्यांना सूज दिसली, १७.३ टक्क्यांना रक्तस्रावाच्या खुणा. बहुतेकांना त्रास जाणवला नाही, पण काहींच्या जिवावर बेतलं. आईच्या रिपोर्टमधल्या ठिपक्यांवर तर हे औषध नाहीच, ते रक्तवाहिन्यांचं प्रकरण आहे.

भाऊ म्हणतो तो पेट स्कॅन मेंदूतलं हेच अमायलॉइड शोधतो. त्याचंही तेच. स्मरणशक्ती उत्तम असलेल्या लोकांतही अमायलॉइड सापडण्याचं प्रमाण पन्नाशीत १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के आहे. आईचा स्कॅन ‘पॉझिटिव्ह’ आला तर तुम्ही काय करणार? उरलेली वर्षं तिच्याकडे बघत बसणार. अल्झायमरसाठीच्या एका रक्त तपासणीला मे २०२५ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली आहे. तीही पंचावन्नच्या पुढच्या, लक्षणं असलेल्या, तज्ज्ञाकडे आलेल्या लोकांपुरती. आपल्याकडच्या लॅबच्या सवलतीच्या पॅकेजात ती दिसली तर हे ध्यानात असू द्या.

आणि ते ‘ब्रेन मॅपिंग’. अशा जाहिरातींवर लाल-पिवळे ठिपके पेटलेला मेंदू असतो. ते रंग फोटोतले नसतात, आकडेमोडीने भरलेले असतात. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मेंदूचा कुठला भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या फंक्शनल एमआरआयच्या यंत्रात एक मेलेला सामन मासा ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवून यांच्या भावना ओळख म्हणून सांगितलं. संख्याशास्त्रातली एक आवश्यक दुरुस्ती मुद्दाम टाळली, तर माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! या प्रयोगाला २०१२ मध्ये इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक, मिळालं. फंक्शनल एमआरआय संशोधनात मोलाचा आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेआधीही वापरतात. पण एका आजीची स्मरणशक्ती मोजायला त्याचा उपयोग नाही. भावाला माशाची गोष्ट पाठवा, हसेल तरी. त्याचे पैसे श्रवणयंत्राला आणि बीपीच्या मशीनला लागतील. डॉक्टरांच्या भेटीच्या वेळी त्याला व्हिडिओ कॉलवर घ्या आणि प्रश्न तिथेच विचारू द्या. पुण्याला आणायचं की नाही, हे एमआरआयवरून ठरवू नका. आईला यावंसं वाटतंय का, ते विचारा. सातारचं भजनी मंडळ सुटलं तर पुण्याच्या फ्लॅटमध्ये दुपारी बाराला त्या काय करणार, याचा विचार आधी करा.

आईला सांगायचं का? हो, याच शनिवारी. मेंदू त्यांचा, रिपोर्टही त्यांचा. लपवाछपवीने त्यांना संशय आलाच असेल, दूध उतू गेल्यावर तुमचे डोळे भरलेले त्यांनी पाहिले असतील. लांबण लावू नका. ‘आई, गाठ नाही, रक्तस्राव नाही. तुझ्या वयाच्या जवळजवळ सगळ्यांना असतात तसे थोडे ठिपके आहेत. ते वाढू नयेत म्हणून बीपीची गोळी रोज घ्यायची, आणि तुझे कान तपासायचेत.’ त्या चिडतील ते कानांवरून. चिडू द्या.

एक मात्र विसरू नका. अचानक चेहरा एका बाजूला ओघळला, हाता-पायातली शक्ती गेली, बोलणं अडखळलं, तोल गेला किंवा दिसेनासं झालं, अथवा आयुष्यात कधी नव्हतं असं डोकं एकदम ठणकलं, तर मला पत्र लिहायचं नाही, भावाला फोनही नंतर. सीटी स्कॅन असलेल्या हॉस्पिटलात तडक जायचं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शेजाऱ्यांना हे सांगून ठेवा, कारण त्या वेळी तुम्ही पुण्यात असाल.

डॉक्टरांकडे जाताना बीपीची वही, घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि एमआरआयची सीडी न्या. सीडी जपून ठेवा, पुढे कधी दुसरा स्कॅन करायची वेळ आली तर तुलनेला तीच लागते. तिथे गेल्यावर प्रश्नांची उत्तरं आईंनाच देऊ द्या. त्या अडखळल्या, वार चुकला, नाव आठवेना, तरी तुम्ही मधे पटकन सांगू नका. त्या कुठे आणि कशा अडखळतात हेच तर डॉक्टरांना बघायचं असतं.